क्रीममध्ये चुरा मिसळतो, कडा वाकड्या होतात, नाव मावत नाही. घरचा केक सजवायचा कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईबाबांच्या लग्नाला ५० वर्षं होतायत, केक घरीच करायचाय, स्पंज छान होतो, पण क्रीम लावायला घेतलं की चुरा उठतो, कडा सरळ येत नाहीत आणि वरचं लिहिणं बिघडतं. टर्नटेबल (केक ठेवून फिरवायचं ताट) आणि नोझलचा (क्रीमच्या पिशवीला लावायच्या टोकांचा) मोठा सेट घ्यावा का?

सेट आत्ता घेऊ नका. तुम्ही जे तीन त्रास सांगितलेत ते तिन्ही घाईतून येतात, साधनं कमी असल्यामुळे नाही. भाजणं, सजवणं आणि कापणं हे सगळं एकाच दिवशी उरकायचं ठरवलं की असंच होतं. केक आदल्या दिवशी भाजा, पूर्ण गार होऊ द्या, प्लास्टिकच्या फिल्ममध्ये घट्ट गुंडाळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. गार स्पंज घट्ट होतो, त्यामुळे कापताना भुगा कमी पडतो. शिवाय बटर साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळतं आणि त्याच्या बरंच आधी सैल पडायला लागतं. हाताला नुसता कोमट लागणारा स्पंजसुद्धा बटरक्रीम घसरवायला पुरेसा असतो. मी एकदा बाहेरून गार लागतोय म्हणून केकचे थर रचले, मध्यभागी ऊब होती. अर्ध्या तासात वरचा थर बोटभर सरकला होता. तेव्हापासून ही रात्र मी कधीच वगळत नाही.

सकाळी दातेरी सुरीने, ब्रेड कापायची असते तिने, वरचा फुगवटा काढून टाका. सुरी दाबू नका, करवतीसारखी पुढेमागे चालवा. थर रचताना सगळ्यात वरचा थर उलटा ठेवा, म्हणजे भांड्याच्या तळाला लागलेली बाजू वर येईल. ती बाजू सपाट असते, तिची कड धारदार असते आणि तिथून चुरा जवळजवळ पडतच नाही. एवढ्यानेच निम्मं काम होतं.

आता चुऱ्याचा खरा इलाज, क्रम्ब कोट (इंग्रजीत ‘crumb’ म्हणजे चुरा). नाव मोठं असलं तरी तो म्हणजे क्रीमचा पहिला, अगदी पातळ थर. त्यातून स्पंज दिसला तरी चालतो. चुरा जागच्या जागी धरून ठेवायचा, एवढंच त्याचं काम. यासाठी थोडं क्रीम वेगळ्या वाटीत काढून घ्या आणि सुरीला लागलेला चुरा त्याच वाटीत पुसा, मुख्य भांड्यात सुरी परत घालू नका. तुमचं सगळं क्रीम ठिपक्याठिपक्यांचं होतं ते बहुतेक इथेच. मग केक २०-३० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. बोट हलकेच टेकवून पाहा, बोटाला काही चिकटलं नाही की दुसरा थर द्यायचा.

दुसऱ्या थराला क्रीम हवंय त्यापेक्षा जास्त लावा आणि मग खरवडून काढा. कमी लावून पसरत बसलं की सुरी खाली टेकते आणि पुन्हा स्पंज ओरबाडला जातो. टर्नटेबल नसेल तर सपाट बुडाचं जड भांडं पालथं घालून त्यावर केकचं ताट ठेवा. स्क्रेपर किंवा सरळ धारेची पट्टी एका हाताने उभी, स्थिर धरा आणि दुसऱ्या हाताने ताट फिरवा. हात फिरला की कड वाकडी होते, ताट फिरलं की सरळ येते. बाजू झाल्या की वरच्या कडेला क्रीमची छोटी भिंत उभी राहिलेली दिसेल. ती पाहून घाबरू नका. सुरी आडवी धरून कडेकडून मध्याकडे एकेक छोटा फटकारा ओढायचा आणि दर वेळी सुरी पुसायची. धारदार कोपरा यातूनच तयार होतो. बटरक्रीम असेल तर शेवटी सुरी गरम पाण्यात बुडवून, कोरडी पुसून एकदा फिरवा.

क्रीम कोणतं? समारंभात केक तास-दोन तास बाहेर राहणार असेल तर व्हिप क्रीमच्या वाटेला जाऊ नका. चव सुंदर असते, पण ते फ्रिजबाहेर फार टिकत नाही. शिवाय ताज्या दुधाचं क्रीम फेटताना नीट फेटलेलं आणि जास्त फेटलेलं यांत काही सेकंदांचंच अंतर असतं. रवाळ दिसायला लागलं की थांबा, दोन-तीन चमचे न फेटलेलं थंड क्रीम घालून हाताने हलकेच मिसळा, बऱ्याचदा ते सावरतं. त्यापुढे गेलं तर लोणी वेगळं होतं आणि मग काही करता येत नाही. तुम्ही बटरक्रीम करा: वजनाने १ भाग बटर, २ भाग आयसिंग शुगर. आधी नुसतं बटर पांढुरकं होईपर्यंत फेटायचं, मग साखर थोडी थोडी घालायची. गडद चॉकलेटचं गनाशही चांगलं टिकतं, थर द्यायला चॉकलेट आणि क्रीम सारख्या वजनाने, हवा गरम असेल तर चॉकलेट दुप्पट.

रंग जेलचा घ्या. पातळ रंगाने क्रीम सैल होतं आणि छटा फिकीच राहते. बटरक्रीममधला रंग ठेवल्यावर गडद होत जातो, म्हणून हवी त्यापेक्षा हलकी छटा करून तासभर थांबा. सोनेरी भुकटी वापरणार असाल तर डबीवर ती खाण्यायोग्य असल्याचं स्पष्ट लिहिलेलं हवं. नुसतं ‘नॉन-टॉक्सिक’ म्हणजे खाण्याची वस्तू नव्हे, यात तडजोड करू नका.

आता लिहिणं. देवनागरीला वर वेलांट्या, खाली उकार, शिवाय जोडाक्षरं. त्यामुळे एका ओळीला वाटते त्याहून कितीतरी जास्त उंची लागते. शक्य तेवढं कमी लिहा. ‘लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ केकवर मावत नाही, ‘आई-बाबा’ आणि खाली ठसठशीत ‘५०’ मावतं, आणि मला विचाराल तर तेच जास्त भिडतं. आधी केक गार करून पृष्ठभाग घट्ट होऊ द्या, मग टूथपिकने अक्षरांच्या जागा हलक्या कोरून घ्या. बटर पेपरवर चार-पाच वेळा लिहून पाहा, ते क्रीम खरवडून परत क्रीम काढायच्या कोनासारख्या पिशवीत भरता येतं. पिशवीचं टोक जेमतेम २ मिलिमीटर कापा. टोक केकला घासू नका, किंचित वर धरा, म्हणजे क्रीमची तार सुटते आणि ती तुम्ही हवी तिथे पाडू शकता. अक्षरं आधी काढा, शिरोरेखा सगळ्यात शेवटी, एका दमात. अक्षरांची डोकी थोडी वरखाली झाली असली तरी ती एक रेघ सगळ्यांना सांभाळून घेते. आणि चुकलंच तर पुसायला जाऊ नका. केक १०-१५ मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, कडक झालेलं अक्षर सुरीच्या टोकाने अलगद उचलून निघतं, खाली डागही राहत नाही.

बाकी सजावट एका बाजूला, एका झुपक्यात करा आणि उरलेला केक मोकळा सोडा. इतक्या मेहनतीने गुळगुळीत केलेला पृष्ठभाग दिसू दे. त्यासाठी एक मोठं चांदणी नोझल पुरतं. ताजी फुलं लावायची असतील तर फवारणी न केलेल्या गुलाबाच्या पाकळ्या चालतात. कण्हेर आणि हायड्रेंजिया विषारी आहेत, केकजवळही नकोत. कुठल्याही फुलाचा देठ थेट केकमध्ये खुपसू नका. कापलेल्या फळांना पाणी सुटतं, ती कोरडी टिपून अगदी शेवटी लावा.

बटरक्रीमचा केक फ्रिजमधून कापायच्या तासभर आधी बाहेर काढा, नाहीतर खाताना क्रीम मेणासारखं लागतं. वाटीभर क्रीम आणि एक छोटी सुरी मात्र समारंभाच्या जागी सोबत न्या. ताट उचलताना कुठेतरी बोट लागतंच, आणि तेवढा ठसा दोन मिनिटांत भरून निघतो.