उसाचं पातं लागून वडिलांच्या बुबुळावर पांढरा ठिपका आलाय. बुबुळ बदलावं लागेल का?

पातं लागून चार दिवस झाले, मेडिकलमधून आणलेल्या ड्रॉपने लाली कमी झाली पण ठिपका वाढतोय, असं तुम्ही लिहिलंय. तो ड्रॉप आता घालू नका. बाटली सोबत घ्या आणि आजच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. मी डॉक्टर नाही, पण तीन वर्षांपूर्वी पाला काढताना माझं अगदी हेच झालं होतं.

माझ्या ड्रॉपमध्ये स्टेरॉइड होतं. त्याने लाली उतरते, माणूस खूश होतो. पण डोळ्याची प्रतिकारशक्ती दबते आणि पात्यावरून आत गेलेल्या बुरशीला रान मोकळं मिळतं. मी पाच दिवस असाच खूश होतो.

दवाखान्यात त्यांनी पापणीच्या आत नारिंगी कागदाची पट्टी टेकवली आणि निळा उजेड टाकला. त्यात जखम हिरवी चमकते. मग डोळा बधिर करून जखमेची कड खरवडली आणि काचपट्टीवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघितली. ऐकायला भयंकर वाटतं, पण दुखलं नाही. ही तपासणी टाळू नका, कारण जिवाणू, बुरशी आणि नागीणीचा विषाणू यांची औषधं वेगवेगळी असतात. माझ्यात बुरशीचे धागे दिसले. नॅटामायसिन या बुरशीवरच्या औषधाचे थेंब सुरुवातीला दर तासाला, रात्रीसुद्धा. बायको गजर लावून उठायची. हे औषध तळाला बसतं, म्हणून दर वेळी बाटली हलवायची; हे मला आठव्या दिवशी कळलं! जखम भरायला दीड महिना गेला. मध्येच बरं वाटलं म्हणून थेंब बंद करू नका.

आता बदलण्याचं. सगळ्यांचं बदलत नाहीत. जखम भरल्यावर तिथे डाग राहतो, त्यालाच आपण फूल पडलं म्हणतो. माझं कडेला आहे, वाचायला अडचण नाही. फूल बरोबर मधोमध असेल आणि दिसत नसेल, तर डोळा शांत झाल्यावर काही महिन्यांनी रोपणाचा विचार करतात. बुबुळाला भोक पडायची वेळ आली तर मात्र थांबत नाहीत. शेजारच्या खाटेवरच्या काकांचं तसंच झालं. नेत्रदानातून आलेलं बुबुळ बसवलं, केसाहून बारीक १६ टाके. रोपणानंतर कधीही डोळा लाल झाला किंवा धूसर दिसलं तर त्याच दिवशी या, असं त्यांना बजावलं होतं.

तुमच्या प्रश्नाखाली आणखी कुणीतरी डोळे चोळून बुबुळ टोकदार होतं त्याबद्दल, आणि रिबोफ्लेविनचे थेंब व अतिनील किरण वापरून ते बुबुळ मजबूत करण्याच्या उपचाराबद्दल लिहिलंय. माहिती बरोबर आहे, पण ते दुखणं बहुतेक तरुण पोरांचं, तुमच्या वडिलांचं नव्हे.

त्यांना साखर असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. आणि घरून डोळ्यावर घट्ट पट्टी बांधून नेऊ नका, काळा गॉगल पुरे.