टॅनर ट्रेल उतरण्याआधी

ग्रँड कॅनियनमधल्या टॅनर ट्रेलला जातोयस तर जा, पण सह्याद्रीतला हिशोब इथे लावू नकोस. गडावर आधी दम निघतो, मग उतार. कॅनियनमध्ये सगळं उलटं: वरच्या कड्यावरच्या लिपन पॉइंटवरून 14 किलोमीटरमध्ये जवळपास 1400 मीटर उतरायचं आणि दमल्या पायांनी तेवढंच चढायचं. कोलोरॅडो नदी येईपर्यंत वाटेत पाण्याचा भरवसा नाही. मी उतरतानाच रेडवॉलच्या, म्हणजे वाटेतल्या लालसर चुनखडीच्या उभ्या कड्याच्या, माथ्यावर खडकाच्या सावलीत दोन-तीन लिटर पाणी ठेवून देतो, बाटलीवर नाव-तारीख लिहून. परत येताना ती बाटली दिसली की काय वाटतं, ते तुला कळेलच. रिकामी झाली तरी वर घेऊन ये.

रेडवॉलचा उतार खडा, त्यात घसारा. दोन काठ्या हव्यातच, पावलं आखूड टाक. पायाची नखं आधी काप. मी कापली नव्हती, दोन्ही अंगठे काळेनिळे झाले.

नदीचं पाणी बऱ्याचदा गढूळ, फिल्टर तुंबतो. तुरटी फिरव, निवळू दे, मग वरचं पाणी फिल्टर कर. आजीची युक्ती ॲरिझोनातही चालते!

उन्हाळ्यात नकोच, खाली पारा चाळिशी ओलांडतो. मुक्कामाचं परमिट वेळेत काढ. कॅनियन पहिल्यांदाच उतरणार असशील तर आधी तिथलीच ब्राइट एंजल ही वर्दळीची वाट कर, तिथे निदान माणसं तरी भेटतात.