वाचकांचे प्रश्न : बँडचं गाणं मंडळीच्या गळ्यात

प्रश्न : आवडत्या ख्रिस्ती बँडचं गाणं आम्ही नीट बसवून उपासनेत गायलो. वाद्यं चोख वाजली, पण कोरस आला आणि चर्चमध्ये जमलेली मंडळी गप्प झाली. असं का?

बहुतेक वेळा पट्टीमुळे. अल्बममधली पट्टी एका गळ्यासाठी ठरवलेली असते आणि या बँडांचे मुख्य गायक बरेचदा उंच आवाजाचे पुरुष असतात. पाश्चात्य स्वरनावांत सांगायचं, तर मंडळीतल्या बायकांना पियानोच्या मधल्या सीच्या खालच्या एपासून वरच्या डीपर्यंत आरामात गाता येतं; पुरुषांचा पल्ला त्याच्या एक सप्तक खाली. वरचा ई ओझरता लागला तर चालतो. त्यावर ओळभर थांबायचं म्हटलं की निम्मे लोक तोंड मिटतात.

आधी चालीतला सर्वांत उंच आणि सर्वांत खालचा सूर शोधा. समजा गाणं बी पट्टीत आहे आणि कोरस एफ शार्पला जातो. दोन सेमीटोन (अर्धस्वर) उतरवून ए पट्टी घेतली, की तो ईवर येतो. चार उतरवून जी घेतली तर डी मिळतो. पण कडवं मुळात खालच्या बीवर रेंगाळत असेल, तर ते आता खालच्या जीवर जाऊन पुटपुटल्यासारखं होतं. म्हणून अशा गाण्याला आम्ही ए पट्टी सुचवू. गिटारवाल्याला काही नवं शिकावं लागत नाही: जीचेच कॉर्ड धरायचे, कॅपो (तारा दाबून धरणारी पकड) चौथ्या फ्रेटवरून दुसऱ्यावर आणायचा.

आणखी एक अडचण सप्तकाच्या उडीची. पहिलं कडवं दबक्या आवाजात खाली आणि शेवटी तेच एक सप्तक वर, ही बँडांची लाडकी युक्ती. ऐकायला बहारदार, मंडळीला अशक्य. उडी काढून टाका आणि सगळं गाणं खालच्याच सप्तकात गा. इथे मात्र पट्टी उतरवायची नाही, चढवायची : बीवरून डी किंवा ई. नाहीतर सगळंच तळाशी बसतं.

सुरुवातीचं लांबलचक वादन चार आवर्तनांवर (बारवर) आणा. कधी उचलायचं हे लोकांना कळलं नाही, तर पहिली ओळ वायाच जाते.

प्रश्न : त्यांच्या गिटारचा तो धावता प्रतिध्वनी आमच्या डिले पेडलमधून निघत नाही. सगळं गढूळ होतं.

हा ढंग यूटू या रॉक बँडचा गिटारवादक एज याने लोकप्रिय केला आणि पुढे उपासना-संगीताच्या बँडांनी तो आपलासा केला. गुपित वेळेत आहे. ६०,००० ला गाण्याच्या बीपीएमने (मिनिटाला पडणाऱ्या ठोक्यांनी) भागा आणि उत्तराला ०.७५ ने गुणा. ७२ बीपीएमला ६२५ मिलिसेकंद येतात, १२० ला ३७५. पुनरावृत्ती तीन-चारच ठेवा, प्रतिध्वनीचा आवाज मूळ सुरापेक्षा किंचित कमी. हातानं सरळ, एकसारखे आठवे (अर्ध्या ठोक्याचे सूर) वाजवा. मधल्या जागा पेडल भरतं.

गढूळपणाची कारणं दोन. ड्रमवाला क्लिकशिवाय (कानात वाजणाऱ्या ठोक्याशिवाय) वाजवत असेल, तर लय सरकते आणि पेडल जुन्याच वेळेवर राहतं. अशा वेळी टॅप टेंपोचं बटण हवंच; ते लयीत दाबलं की पेडलची वेळ जुळते. दुसरं, सभागृह स्वतःच घुमत असताना वर रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) चढवलेला असतो. तो आधी बंद करा.

प्रश्न : माझ्या आवडत्या बँडच्या नव्या गाण्यांत येशूचं नावच नाही. त्यांना ख्रिस्ती बँड म्हणायचं का? ऐकणं सोडावं का?

हा वाद जुनाच. १९६९ मध्ये अमेरिकन ख्रिस्ती रॉक गायक लॅरी नॉर्मनचा पहिला एकल अल्बम आला, तेव्हापासून ख्रिस्ती रॉक चर्चचं की बाजाराचं यावर लोक भांडत आहेत. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या गॉस्पेल म्युझिक असोसिएशननं आपल्या डव्ह या संगीत पुरस्कारांसाठी पात्र गाण्याचे शब्द कसे असावेत याची व्याख्याच ठरवून दिली. पण नाव मोजणं हा निकष कच्चा आहे. बायबलमधल्या एस्तेरच्या पुस्तकात देवाचं नाव मूळ इब्री पाठात एकदाही येत नाही, आणि ८८ वं स्तोत्र अंधारातच संपतं. तरी दोन्ही पवित्र शास्त्रात आहेत.

शब्द कागदावर उतरवा आणि चालीशिवाय वाचा. गाणं देवाशी बोलतं, देवाविषयी साक्ष देतं, की जगण्याविषयी बोलतं? पहिल्या दोन प्रकारांतून उपासनेसाठी निवडा. तिसरं घरी, प्रवासात खुशाल ऐका. त्यात पाप नाही. गाण्यातला ‘तू’ म्हणजे देव की प्रेयसी हे चार वेळा वाचूनही कळत नसेल, तर ते गाणं मंडळीपुढे नको.

प्रश्न : शब्द पडद्यावर दाखवायला परवानगी लागते?

हयात किंवा अलीकडच्या गीतकारांच्या गाण्यांना लागते. बऱ्याच देशांत सीसीएलआय ही संस्था चर्चना असा परवाना देते. उपासना थेट प्रक्षेपित करायची असेल तर त्याचा परवाना वेगळा. ‘अमेझिंग ग्रेस’ लिहिणाऱ्या जॉन न्यूटनसारख्यांची अठराव्या शतकातली गीतं मुक्त (कॉपीराइटबाहेर) आहेत, मात्र बँडनं त्यांना जोडलेला नवा कोरस मुक्त नसतो.