ताप नाही, तरी दवाखाना गाठावा का?

प्रश्न : माझ्या सासूबाई 74 वर्षांच्या आहेत. त्यांना मधुमेह आहे आणि चुलीच्या धुरात जन्म गेल्यामुळे सीओपीडी हा श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजारही जडला आहे. पावसाळ्यात त्यांना खोकला होतोच. या वेळी ताप नाही, पण त्या फार मरगळल्या आहेत. तालुक्याचे रुग्णालय लांब आहे. वाट पाहावी का?
– एक वाचक, देवगड तालुका

उत्तर : वाट पाहू नका, त्यांना आजच डॉक्टरांना दाखवा. उतारवयात, विशेषतः मधुमेह असताना, न्यूमोनिया झाला तरी ताप येतोच असे नाही, आणि म्हणूनच तुमच्या पत्रातली मरगळ मला खोकल्यापेक्षा अधिक महत्त्वाची वाटते. रोज मागून पेज घेणारी बाई वाटी बाजूला सारू लागली, पडवीतून न्हाणीघरापर्यंत जाताना मध्येच भिंत धरून उभी राहू लागली किंवा आज वार कोणता हेच विसरू लागली, तर ‘आता वय झाले’ म्हणून ते सोडून देऊ नये. अचानक आलेले असे भांबावलेपण हे कधी कधी संसर्गाचे पहिलेच लक्षण असते.

त्या स्वस्थ बसल्या असताना, त्यांना न सांगता, पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. सांगितले की लय बदलते. एरवी तो 12 ते 20 असतो. 25 च्या आसपास गेला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि 30 झाला, तर ती तातडी समजावी. बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत मोजणाऱ्या ऑक्सिमीटरचा आकडा मात्र जपून वाचावा, कारण सीओपीडीच्या काही रुग्णांत 88 ते 92 हेही नेहमीचेच असते; त्यांचा बऱ्या दिवसांतला आकडा लिहून ठेवला असेल, तर त्याहून तीनने घसरण झाली तरी ती गंभीर मानावी. बोटे गार असली की यंत्र फसते.

कफ वाढून हिरवट होणे, श्वासाचा पंप (इनहेलर) वरचेवर लागणे, जेवण कमी असूनही साखर चढणे, हेही डॉक्टरांना सांगा. मागच्या वर्षीच्या उरलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या आणि गुंगी आणणारे खोकल्याचे औषध आपल्या मनाने मुळीच देऊ नका, आणि इन्सुलिन चालू असेल तर तेही परस्पर बंद करू नका.

एक वाक्य पुरे बोलताना धाप लागली, ओठ निळसर दिसले किंवा हाक मारूनही त्या नीट जाग्या होईनात, तर ‘उजाडल्यावर बघू’ म्हणू नका. रात्र असली तरी 108 ला फोन करा आणि चालू औषधांची चिठ्ठी सोबत घ्या.