वजन कमी करताना घरी स्वस्तात, कमी कॅलरीचं गोड काय करता येईल?

माझ्या मते फळाचं श्रीखंड. साय काढलेल्या दुधाचं दही विरजा, फडक्यात बांधून रात्रभर फ्रीजमध्येच निथळत ठेवा. बाहेर, विशेषतः उन्हाळ्यात, ते आंबतं आणि मग साखर वाढवावी लागते. नेहमीच्या श्रीखंडात चक्क्याच्या जवळपास बरोबरीने साखर जाते. इथे साखरेऐवजी वाटीभर चक्क्यात एक पूर्ण पिकलेलं केळं किंवा चिकू कुस्करा. वेलची, जायफळ, चिमूटभर मीठ घाला. मिठाने गोडी खुलते.

गुळाचे लाडू ‘डाएटचे’ म्हणून खाऊ नका. गूळ काय, साखर काय, ग्रॅमला साधारण 4 कॅलरी. तुपाच्या तर 9.

चक्क्याचं निथळलेलं पाणी टाकू नका, त्यात कणीक भिजवा.