चवथीला एवढा रडला, आता दिवाळीला काय करू?

"मॅडम, सणात बाकीची मुलं कशी मजेत असतात, माझाच असा का?" चवथ, म्हणजे आमची गणेश चतुर्थी, संपली की पुढच्या पंधरावीस दिवसांत कोणीतरी आई हे वाक्य घेऊन माझ्याकडे सल्ल्याला येतेच, आणि येते ती मुलापेक्षा स्वतःच जास्त थकलेली असते. म्हणून त्यातलीच एक गोष्ट इथे सविस्तर लिहिते. त्या आईला विचारूनच लिहितेय, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत. मुलाला घरात सगळे बाबूच म्हणतात (गोव्यात निम्म्या घरांत एक बाबू असतोच), तर आपणही बाबूच म्हणूया.

बाबू तेव्हा सव्वीस महिन्यांचा. आईबाबा पर्वरीला फ्लॅटमध्ये राहतात, दोघंही नोकरीला. वडलांचं मूळ घर सत्तरी तालुक्यात, पाच दिवसांचा गणपती, चवथीला तिथे चुलत-मावस धरून चाळीसेक माणसं जमतात. आई माहेरची कोल्हापूरची, त्यामुळे घरात ती मुलाशी मराठी बोलते आणि आजी कोकणी. हे पुढे महत्त्वाचं आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

तर त्या पाच दिवसांत काय झालं? बाबू कुणाकडेच गेला नाही. काकांनी कौतुकाने उचलला तर किंचाळला, घुमट (मातीचं तालवाद्य) वाजवत आरती सुरू झाली की कान दाबून राजांगणात पळत सुटायचा, नैवेद्याचं ताट समोर आलं की ढकलून द्यायचा, आणि तिसऱ्या दिवशी एका चुलत बहिणीच्या दंडाला कचकन चावला. मग व्हायचं तेच झालं. एक नणंद म्हणाली, तूच लाडावून ठेवलायस. कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ बघितलेला, ते म्हणाले डॉक्टरला दाखव, ऑटिझम असेल. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत, आणि त्या गप्प बसण्याचाही हिने आपल्या परीने अर्थ लावला. परतीच्या गाडीत नवराबायको एकमेकांशी बोलले नाहीत.

माझ्याकडे आली तेव्हा तिचे दोन प्रश्न होते. मुलात काही दोष आहे का, आणि दिवाळीला गावी जायचं की नाही.

पहिला प्रश्न मी बाजूला सारला नाही, तुमच्यापैकी कुणाच्या मनात असेल तर तुम्हीही सारू नका. मी तिला साध्या गोष्टी विचारल्या. नावाने हाक मारली की वळून बघतो का? हवी ती वस्तू, आवडलेली वस्तू बोट करून दाखवतो का, आणि दाखवताना तुमच्या तोंडाकडे बघतो का? खोटंखोटं खेळतो का, म्हणजे रिकाम्या कपातून चहा पिणं वगैरे? दोन शब्द जोडून बोलतो का? ह्या शेवटच्या प्रश्नावर ती रडवेली झाली, म्हणाली नाही हो, सुटे सुटेच बोलतो. मग आजीशी काय बोलतो विचारलं तर म्हणाली, "उदक जाय" (पाणी हवं) म्हणतो, "आजी यो" (आजी ये) म्हणतो, पण ते कोकणी ना! म्हणजे बघा, तिने मोजले ते फक्त मराठी शब्द. दोन भाषांच्या घरातल्या मुलाचे शब्द दोन्ही भाषांतले मिळून मोजायचे असतात, आणि दोन भाषा कानावर पडल्या म्हणून मूल बोलण्यात मागे पडत नाही. गोव्यातल्या आयांना हे मला इतक्या वेळा सांगावं लागतं!

आणि बोट दाखवण्याचं विचारलं तेव्हा तिला एकदम माटोळी आठवली, गणपतीच्या वर फळं टांगून सजवतात ती. सगळ्या गोंधळात बाबू एकाच जागी शांत असायचा, गणपतीसमोर चटईवर उताणा पडून वर टांगलेल्या माटोळीकडे बघत. नारळ, सुपारीचे घोस, तोरिंजन, चिबूड, लालभडक कवंडळं. एकेकाकडे बोट करून "तें कितें?" (ते काय?) म्हणायचा आणि आईकडे मान वळवायचा, तिने नाव सांगितलं की पुढचं बोट. मला ते ऐकून फार बरं वाटलं, कारण आपल्याला दिसलेली गोष्ट दुसऱ्यालाही दिसावी म्हणून बोट करणं आणि त्याच्या चेहऱ्याकडे वळून बघणं, आम्ही नेमकं हेच शोधत असतो.

तरी मी तिला म्हटलं, बालरोगतज्ज्ञांकडून एकदा विकासाची तपासणी करून घ्या. ह्या वयासाठी पालकांना विचारायची प्रश्नावली असते, त्यातून पुढे बघायची गरज आहे की नाही ते कळतं. नावाला वळत नाही, बोट दाखवत नाही, दोन वर्षं झाली तरी कुठल्याच भाषेत दोन शब्द जोडत नाही, किंवा आधी येणारे शब्द बोलायचा बंद झाला, असं काही असेल तर सण संपायचीसुद्धा वाट बघू नका. बाबूच्या बाबतीत डॉक्टरांना काळजीचं काही दिसलं नाही.

मग उरला प्रश्न चवथीचा. मी तिला एक वही दिली आणि म्हटलं, पाच दिवस आठवा आणि तासातासाने लिहा, बाबू कधी उठला, कधी जेवला, कधी झोपला, कधी बिघडला. फोनमधल्या फोटोंवर वेळ असतेच, त्यावरून तिने ते बऱ्यापैकी बरोबर लिहून आणलं. पर्वरीला बाबू बाराला जेवतो, पावणेएकला झोपतो, रात्री साडेआठला पुन्हा झोपतो. गावी दुपारची आरतीच एकला सुरू व्हायची, जेवणं अडीच-तीनला, रात्री कुणाकुणाच्या घरची आरती करत झोपायला बारा. जागतिक आरोग्य संघटनेने एक-दोन वर्षांच्या मुलांसाठी दिवसरात्र मिळून 11 ते 14 तास झोप सांगितलीय. तिसऱ्या दिवसाची बेरीज तिने स्वतः केली, आठ तास. आणि तो चावला त्याच दिवशी दुपारी तीनला! ताट ढकललं ते दोन-अडीचच्या सुमाराला, तिन्ही दिवस. वही हातात धरून ती कितीतरी वेळ गप्प होती, मग म्हणाली, अहो हा तर झोपेला आलेला होता.

मग मी विचारलं, आणि तुम्ही किती झोपलात? तेव्हा मात्र ती खरी रडली. पहाटे चारला उठून नेवऱ्या, भाज्या, चाळीस माणसांची भांडी आणि वर कडेला मूल.

इथे माझ्याकडून एक चूक झाली ती सांगते. मी पटकन म्हणून गेले की मग ह्या दिवाळीला गावी नका जाऊ, घरीच करा. तिचा चेहरा उतरला. "म्हणजे मग ते म्हणतात तेच खरं ठरेल ना मॅडम, की माझ्या पोराला माणसं चालत नाहीत." बरोबर होतं तिचं. सण टाळला असता तर मुलाची झोप झाली असती पण ही बाई त्या घरात अजून एकटी पडली असती, आणि बाबूची ती आजी, ती माटोळी, तेही गेलं असतं. तेव्हा ते सोडून दिलं, आणि पुढच्या वेळेला नवऱ्याला घेऊन या म्हटलं.

नवरा आला तो जरा नाराजच होता. म्हणाला, आम्ही लहानपणी रात्रभर नरकासुराच्या पुतळ्यामागे फिरायचो, पहाटे जाळून घरी यायचं, तेल-उटणं, तुळशीपुढे कारीट फोडायचं आणि मग पोहे, हे सगळं मला माझ्या मुलाला दाखवायचंय. ह्या इच्छेला मी नको कसं म्हणणार, आणि का म्हणू? पण दोन वर्षांच्या मुलाला मुखवटा आणि खरं तोंड ह्यातला फरक अजून नीट कळत नसतो, वर अंधार, वर पोटात धडधडणारे स्पीकर. नियमाने रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद हवेत, 2000 सालचा नियम आहे, पण त्या रात्री गावागावात काय असतं ते आपण सगळे जाणतो. म्हणून मी त्याला म्हटलं, तुम्ही बाबूला नरकासुर दाखवाच, फक्त जिवंत व्हायच्या आधी दाखवा.

आणि त्याने ते फार छान केलं. दिवाळीच्या आधी चार दिवस वाड्यावरची मुलं नरकासुर बांधत होती तिथे तो बाबूला रोज संध्याकाळी उजेडी घेऊन गेला. पहिल्या दिवशी लांबूनच. दुसऱ्या दिवशी बाबूने गवत भरलेला पाय चाचपून बघितला. तिसऱ्या दिवशी मुलांनी त्याच्या हातात कागदाचा तुकडा आणि खळ दिली आणि त्याने ती नरकासुराच्या गुडघ्याला फासली. मुखवटा चढवला तेव्हा तो बाबाच्या मानेत तोंड लपवून बसला, पण कडेवरून उतरला नाही की रडलाही नाही. चतुर्दशीच्या आदल्या रात्री तो साडेआठला मागच्या खोलीत झोपला, खिडक्या बंद, पंखा मोठा. मध्ये दोनदा उठला. आजी शेजारी होती. सकाळी बाबाने त्याला राख दाखवली तर म्हणाला, "गेलो", म्हणजे गेला. दोन दिवस येईल त्याला हेच सांगत होता.

माणसांकडे जाण्याबद्दल थोडं. दुसऱ्या भेटीत बाबू माझ्याकडे आला तेव्हा मी त्याच्याकडे बघितलंच नाही, जमिनीवर बसले, दोन स्टीलच्या वाट्या आणि काही झाकणं ठेवली आणि आईशी बोलत राहिले. वीस मिनिटांनी तो स्वतः येऊन माझ्या मांडीवर झाकण ठेवून गेला. आईला मी एवढंच म्हटलं, गावी हे असंच करायचं. कुणी "ये रे माझ्याकडे" म्हणून हात पुढे केला तर मूल सोपवायचं नाही, आपण त्याला घेऊन त्यांच्या शेजारी बसायचं आणि आपण त्यांच्याशी गप्पा मारायच्या. मूल आईच्या तोंडाकडे बघून ठरवतं हा माणूस बरा की नाही. आणि "तो लाजाळू आहे", "तो कोणाकडे जात नाही" ही वाक्यं त्याच्यासमोर बंद, त्याऐवजी "थोड्या वेळाने येईल हं काका". काका दुखावत नाहीत, मुलावर शिक्का बसत नाही.

खाण्याचंही तसंच. पहिल्या वर्षात मुलाचं वजन तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षभरात जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं, मग भूक कमी होणारच ना? एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी एक वाटणी करून दिलीय ती मला अजून कधी फसलेली दिसली नाही, काय, कधी आणि कुठे द्यायचं ते मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती ते मुलाने. दिवाळीच्या सकाळी पाच तऱ्हेचे पोहे समोर होते, दुधातले, गुळातले, ताकातले, फोडणीचे, बटाट्याचे. बाबूने ताकातले तीन चमचे खाल्ले आणि अर्धं केळं. आईने ताट उचललं. बस. (एक मात्र कडक सांगते, चणे, शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे तुकडे असलं काही ह्या वयाच्या हाती अख्खं देऊ नका, घशात अडकतं, आणि सणात कोण काय हातावर ठेवतो ते कळत नाही.)

सगळ्यात अवघड होती ती दुपारची झोप, कारण त्यासाठी हिला चाळीस माणसांसमोर उठून जावं लागणार होतं. आम्ही ठरवलं की हे हिने नाही, नवऱ्याने सांगायचं, आणि सणाच्या आधी फोनवर, आपल्या आईला सांगायचं. त्याने सांगितलं, बाबूचं जेवण बाराला वेगळं काढ आणि दुपारी एक तास ही बाबूजवळ असेल. सासूबाई म्हणाल्या, बरं. एवढंच! जे बोलायला ही दोन वर्षं घाबरत होती.

सगळं सुरळीत झालं असं नाही हं. भाऊबिजेला आत्याच्या घरी जेवायला उशीर झाला, झोप गेली, आणि बाबूने दारातच अंग टाकलं, लाथा, किंचाळ्या, सगळं. पण ह्या वेळी ही त्याला उचलून ओसरीवर गेली आणि पायरीवर बसून राहिली, काही समजावलं नाही, फक्त "झोप आलीय तुला, मी आहे" एवढंच परत परत. दहा-बारा मिनिटं गेली असतील. मागून पावलं वाजली तेव्हा तिला वाटलं आता ऐकून घ्यायचं. सासूबाई होत्या, शेजारी येऊन बसल्या, बाबूच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "तुजो घोव लेगीत असोच रडटालो" (तुझा नवरासुद्धा असाच रडायचा). मग बराच वेळ त्या स्वतःचंच बोलत राहिल्या, की चवथीला रडणारं पोर घेऊन त्याही मागच्या पडवीत कशा बसायच्या आणि कोणी विचारायला येत नसे. चवथीत त्या गप्प का होत्या ते हिला त्या दिवशी कळलं.

डिसेंबरात तिचा फोन आला. पर्वरीच्या बिल्डिंगमधल्या शेजाऱ्यांनी नाताळच्या दिवशी दुपारी एकला जेवायला बोलावलं होतं. मला वाटलं काय करू विचारेल. पण तिने आधीच त्यांना सांगून टाकलं होतं की बाबू झोपून उठला की आम्ही चारला येतो, चालेल ना, आणि शेजारीणबाई म्हणाल्या होत्या चालेल की, दोदोल (नाताळचं गोड) बाजूला काढून ठेवते. फोन केला होता तो फक्त हे सांगायला की बाबू रोज संध्याकाळी त्यांच्या दाराबाहेरच्या स्टारकडे बोट करून विचारतो, तें कितें.