वाचक विचारतात : जोरदार वॉटर गन

प्रश्न : नऊ वर्षांच्या मुलीला पंपाने दाब भरायची मोठी वॉटर गन हवी आहे. साध्या पिचकारीपेक्षा तिच्यात वेगळे काय? धोका कितपत?

उत्तर : साध्या पिचकारीत दट्ट्यावर हाताचा जेवढा जोर, तेवढीच धार. दाबाच्या गनमध्ये पंपाचा प्रत्येक हात हवेच्या रूपाने साठत जातो आणि खटका ओढताच तो जोर एकदम सुटतो. ही पद्धत लोकप्रिय केली ती अमेरिकी अभियंता लॉनी जॉन्सन यांच्या ‘सुपर सोकर’ने, ती १९९०मध्ये बाजारात आली. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा दोन वातावरणांनी (म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या दुपटीने) जास्त असेल, तर पाणी सेकंदाला सुमारे २० मीटर वेगाने सुटते. हिशेबाने धार ४० मीटर जायला हवी, पण वाटेतच तिचे थेंब होतात आणि पल्ला त्याच्या निम्म्याहूनही खाली येतो.

पहिली अडचण वजनाची. दीड लिटर पाणी म्हणजे दीड किलो, शिवाय प्लास्टिक आणि पंपाची मेहनत. या वयाला पाऊण लिटरची टाकी पुरे.

डोळ्यांबाबत मात्र तडजोड नको. जवळून बसलेल्या धारेने डोळ्याच्या आत रक्तस्राव होऊ शकतो. चेहऱ्यावर नेम धरायचा नाही आणि निदान तीन-चार मीटर अंतर ठेवायचे, हे खेळाआधीच ठरवा. पोहण्याचा चष्मा घातला तर उत्तमच. धार लागून डोळा दुखला, अंधूक दिसले किंवा लाल झाला तर चोळू नका, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : टाकी काठोकाठ भरतो, पंपही भरपूर मारतो, तरी धार क्षणात मरते. असे का?

उत्तर : काठोकाठ भरता म्हणूनच. पाणी दाबले जात नाही, दाबली जाते ती हवा. तिला जागाच उरली नाही तर थोडे पाणी जाताच दाब कोसळतो. दोन तृतीयांश पाणी भरा. तरीही पाणी जाईल तशी हवा पसरते आणि धार आखडत जाते, म्हणून मधेमधे पाच-सहा हात मारत राहा. काही गनमध्ये पाणी साठवायची टाकी आणि दाबाची कोठी वेगळी असते. तिथे टाकी पूर्ण भरली तरी चालते. कोठीऐवजी रबरी फुगा असेल तर धार शेवटपर्यंत जवळजवळ सारखी राहते. आम्हाला हीच रचना सर्वांत आवडते. मात्र रबर कालांतराने सैल पडते, चिरतेही.

प्रश्न : पंप हलका लागतो, दाब टिकत नाही.

उत्तर : बहुधा दट्ट्यावरची ओ-रिंग (हवा अडवणारे रबरी कडे) कोरडी पडली किंवा झिजली आहे. आधी खटका ओढून दाब पूर्ण सोडा, मगच पंप उघडा. रिंगला चीर नसेल तर पुसून सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्या. खाद्यतेल किंवा पेट्रोलियम जेली नको; काही प्रकारचे रबर त्याने फुगते आणि पंप अडकतो. रिंग ठीक असेल तर सांध्यांवर साबणाचा फेस लावून दाब भरा; बुडबुडे येतील तिथे गळती. धार फाटून तिरकी उडत असेल तर दोष नोझलमध्ये अडकलेल्या वाळूचा किंवा क्षारांचा. क्षार व्हिनेगरमध्ये अर्धा तास भिजवले की सुटतात. टाचणीने कोरू नका, भोक वाकडे झाले की धार कायमची बिघडते.

खेळून झाल्यावर दाब सोडा, टाकी रिकामी करा आणि झाकण उघडे ठेवून सावलीत वाळवा. साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात आणि पुढच्या खेळात तेच पाणी तोंडात जाते.